पायांतून चरबी मोजणारा काटा: पोटाचं त्याला कळत नाही

अमेरिकेत किंवा इंग्लंडात दोन-तीन वर्षं काढलेल्या बऱ्याच मराठी घरांत बाथरूमच्या कोपऱ्यात काचेचा चौकोनी काटा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. वर धातूच्या पट्ट्या, फोनला ब्लूटूथने जोडलेला, किंमत साधारण 25 ते 40 डॉलर. अनवाणी उभं राहिलं की वजन, चरबीचे टक्के, स्नायू, पाणी, हाडं, पोटातली चरबी, ‘शरीराचं वय’ असे दहा-बारा आकडे ॲपवर येतात आणि प्रत्येकाशेजारी हिरवी, पिवळी किंवा लाल पट्टी दिसते. हे परीक्षण अशा काट्यांच्या अख्ख्या प्रकाराचं आहे, कारण आतली रचना सगळ्यांची जवळपास सारखीच असते. वजनासाठी हा काटा चांगला आहे, जरूर घ्यावा. चरबीचा कल पाहायलाही चालतो. पण ‘इथे आल्यापासून मी सुटलोय का, आणि त्यात धोका किती’ या प्रश्नावर तो दिशाभूल करतो. त्या प्रश्नाला शिंप्याची टेप जास्त खरं उत्तर देते.

आधी वजन. काट्याच्या चार पायांत चार लोडसेल (भार मोजणारे सेन्सर) असतात आणि चौघांवर पडलेला भार मिळून आकडा बनतो. म्हणून चारही पाय कडक, सपाट जागी टेकायला हवेत. परदेशातल्या भाड्याच्या घरांत नेमकी इथेच चूक होते: बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. कार्पेटवर काट्याचे बुटके पाय रुततात, तळ कार्पेटला टेकतो आणि भाराचा काही भाग लोडसेलपर्यंत पोहोचतच नाही. बाथरूमची टाइल किंवा स्वयंपाकघरातली व्हिनाइलची फरशी चालते. दोन्ही नसेल तर 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा तुकडा खाली घाला. काटा जागेवरून हलवला, उभा करून ठेवला किंवा उलटा केला की पुढचं पहिलं वजन धरू नका. पायाने टिचकी मारून चालू करा, 0.0 येऊ द्या, मगच उभे राहा.

काटा खरा आहे का, हे तपासायला इंडियन स्टोअरमधलं आट्याचं 20 पौंडांचं पोतं पुरतं. नुसतं पोतं ठेवू नका. बरेच काटे कमी भाराला नीट प्रतिसाद देत नाहीत. आधी स्वतःचं वजन घ्या, मग पोतं छातीशी धरून घ्या. फरक 9.1 किलोच्या आसपास यायला हवा, पिशवीचे शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. या युक्तीचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. बऱ्याच काट्यांना मागचा आकडा लक्षात ठेवायची खोड असते. लगेच पुन्हा उभं राहिलं आणि फरक थोडा असला, तर ते जुनाच आकडा दाखवतात, आणि आपल्याला वाटतं काटा किती अचूक! मध्ये पोत्यासकट एकदा वजन घेतलं की ती साखळी तुटते आणि खरा चढउतार दिसतो.

आता चरबीचा आकडा. काटा चरबी मोजतच नाही. एका पायातून अगदी सौम्य वीजप्रवाह आत सोडतो, बहुधा 50 किलोहर्ट्झचा, एक मिलिॲम्पिअरहूनही कमी, आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. पाण्याने भरलेल्या स्नायूतून वीज सहज जाते, चरबीतून अडखळते. या अडथळ्याच्या जोडीला तुमची उंची, वजन, वय आणि लिंग घालून एक सूत्र टक्केवारी काढतं. याचा अर्थ असा, की प्रवाह एका पायातून वर चढतो, ओटीपोटाच्या तळातून वळतो आणि दुसऱ्या पायाने उतरतो. पोट, छाती, पाठ त्याच्या वाटेत येतच नाहीत. ॲपवर दिसणारी पोटातली चरबी हा वय आणि वजनावरून बांधलेला अंदाज आहे. ‘शरीराचं वय’ आणि हाडांचं वजनही तसंच. ते आकडे ॲपमधून लपवता येत असतील तर लपवा.

पायांतून मोजतो म्हणून पायांची अवस्था आकड्यात उतरते. हिवाळ्यात हीटर चोवीस तास चालू, घरातली हवा कोरडी, टाचांना भेगा. भेगाळलेल्या टाचेतून पट्टीशी संपर्क नीट होत नाही, मग एक तर काटा ‘एरर’ दाखवतो किंवा चरबी वाढवून सांगतो. ओल्या फडक्याने तळवे पुसा, पट्ट्याही पुसा. तेल किंवा व्हॅसलीन लावून उभे राहू नका. जानेवारीत थंडगार टाइलवर पाय गारठले की रक्तवाहिन्या आकसतात, अडथळा वाढतो आणि चरबी वर गेल्यासारखी दिसते. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर उलट. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांब विमानप्रवासानंतर घोटे सुजलेले असतात. तेव्हा वजन चढतं, पण पायांत साचलेल्या पाण्यामुळे चरबीचे टक्के मात्र उतरतात. ‘भारतात महिनाभर आमरस-पुरी खाऊनसुद्धा चरबी कमी झाली’ असा निष्कर्ष त्या सकाळी काढला जातो. प्रवासानंतर तीन-चार दिवस काट्याला हातच लावू नका.

वेळ एकच ठरवा: सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज घेतलं तरी चालेल, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजनच्या, म्हणजे साठ्यातल्या साखरेच्या, दर ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो उतरतं ते बरंचसं हे पाणीच, आणि मराठी मंडळाच्या दिवाळीत फराळाचं ताट झालं की तेच परत येतं. चकलीतल्या मिठाने धरलेलं पाणी आणि पाळीच्या आधीची सूज हेही तसंच. एका दिवसाच्या आकड्यावरून जेवण सोडणं हा या काट्याचा सगळ्यात वाईट वापर आहे, आणि तो सर्रास होतो.

ॲप भरताना उंची भिंतीला टाच आणि डोकं लावून सेंटिमीटरमध्ये मोजा. पासपोर्टवर किंवा कॉलेजात लिहिलेली चालवू नका. 70 किलो वजनाला 170 सेंटिमीटर उंची धरली तर बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 24.2 येतो, 168 धरली तर 24.8. फूट-इंच भरताना ‘5.6’ म्हणजे पाच फूट सहा इंच की साडेपाच फुटांच्या वर थोडं, हा घोळ नेहमीचा आहे. 5 फूट 6 इंच म्हणजे 167.6 सेंटिमीटर. इंग्लंडात एकक स्टोन असेल तर किलो करून घ्या. एक स्टोन 6.35 किलोचा, त्यामुळे अकरा स्टोनवरून साडेअकरावर गेलेला माणूस ‘अर्धाच वाढला’ म्हणतो आणि वाढलेले असतात तीन किलोंहून जास्त. ‘ॲथलीट मोड’ बंद ठेवा. तो लावला की टक्के झटकन उतरतात, कारण सूत्र बदलतं, अंग नाही.

आता त्या हिरव्या पट्टीकडे येऊ. बऱ्याच ॲपांत ती 18.5 ते 24.9 बीएमआयपर्यंत हिरवी असते. आपल्यासाठी ही मर्यादा सैल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 साली आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हे सावध होण्याचे टप्पे सांगितले. इंग्लंडची मार्गदर्शक तत्त्वं दक्षिण आशियाई मूळ असलेल्यांना हेच टप्पे लावतात. भारतात तज्ज्ञांच्या 2009 च्या एकमतात 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरला गेला. 168 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 23 ची रेघ 65 किलोवर येते आणि 25 ची साडेसत्तरवर. 68 किलोवर ॲप त्याला हिरवं दाखवतं. मधुमेहाची तपासणी कधी करायची, यासाठी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने 2015 पासून आशियाई वंशाच्या प्रौढांना 23 हा आकडा लावला आहे. म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या नियमात हे आहे, काट्याच्या ॲपमध्ये नाही.

यामागचं कारण पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. दोघेही सडपातळ, दोघेही कुठल्याही तक्त्यात हिरव्या पट्टीत. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं: सरासरी वजन 2.7 किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो, पण आपल्या लहानखुऱ्या बाळांत कमी होता तो स्नायू. पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने जपलेली. परदेशात गेल्यावर पोट सुटलं म्हणून जे स्वतःला आळशी म्हणून कोसतात, त्यांनी हे आकडे वाचावेत. अंगाची ठेवण आधीपासूनची आहे. तिला तिथली गाडी, थंडीतले चार-पाच घरबसे महिने, भाकरीच्या जागी आलेला फ्रोझन पराठा आणि मोठ्या प्लेटा लवकर भोवतात. आणि भोवतात त्या पोटावर, काट्याचा प्रवाह जिथे पोहोचत नाही तिथे.

परदेशात स्वतःकडे बघायची नजरही सरकते. ऑफिसात आजूबाजूची माणसं थोराड, त्यांच्यात आपण बारीक वाटतो. भारतात ‘एम’ घालणाऱ्याला अमेरिकेत ‘एस’ बसतो. जीन्सच्या कमरेवर 34 लिहिलेलं असतं. तीच जीन्स पलंगावर सपाट पसरून पट्टा टेपने मोजा, अनेकदा 36 भरते. शिवाय पँट पोटाच्या खाली बसते, त्यामुळे पोट पुढे आलं तरी पट्ट्याचं भोक तेच राहतं. मग सुट्टीला पुण्याच्या घरी पाऊल टाकलं की दारातच मावशी म्हणते, ‘अगं, केवढी सुटलीस!’ एकाच आठवड्यात तेच अंग एका देशात बारीक आणि दुसऱ्यात जाड. यात ॲपची हिरवी पट्टी भर घालते, कारण तीही ज्या गर्दीशी तुलना करते ती आपली नसते.

म्हणून कंबर मोजायला टेप. फायबरग्लासची घ्या, कापडी टेप वापरून ताणली जाते. शर्ट वर, पँट थोडी खाली. बाजूला सर्वांत खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. टेप तिथून आडवी फिरवा, आरशात पाठीमागेही सपाट आहे ना बघा. पाय जवळ, हात सैल, नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. बेंबीवरून मोजू नका, पोट ओघळलं की बेंबीही खाली जाते. अमेरिकेत काही ठिकाणी कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर मोजतात, तो आकडा वेगळा येतो, म्हणून पद्धत एकच धरा आणि वहीत तारखेसह लिहा. महिन्यातून एकदा पुरे.

दक्षिण आशियाई पुरुषाला 90 सेंटिमीटर, स्त्रीला 80 ही रेघ आहे. अमेरिकी तक्त्यांवर 102 आणि 88, म्हणजे 40 आणि 35 इंच लिहिलेले दिसतात. ते बघून निर्धास्त होऊ नका. पाठ करायला सोपा नियम: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. 168 उंचीला 84.

हातात धरायची मूठ असलेले, आठ पट्ट्यांचे काटे यापेक्षा बरे. त्यांची किंमत बहुतेक दुपटीच्या वर जाते. प्रवाह हातांतून आणि धडातूनही जातो. तरी धड रुंद आणि आखूड असल्याने तिथला अडथळा फार कमी असतो. शरीराचं जवळपास अर्धं वजन धडात, पण एकूण अडथळ्यातला त्याचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे पोटावरचा बदल तिथेही पुसट उमटतो. जास्तीचे पैसे फक्त व्यायामाने हातापायांचे स्नायू वाढवणाऱ्यांनी घालावेत.

पेसमेकर बसवलेल्यांनी चरबी मोजायची सोय अजिबात वापरू नये, गरोदरपणातही टाळावी. काट्यात ‘फक्त वजन’ हा पर्याय असेल तर तोच निवडा. मुलांना हे प्रौढांचे आकडे लागू नाहीत. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरात असेल तर तिचं नाव ॲपमध्ये घालूच नका. तिच्या वर्गातल्या मुलींची अंगकाठी वेगळी आहे, हे तिला रोज दिसतंच आहे. त्यात लाल पट्टी नको.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना काट्यावर उभं केलं की बहुधा सगळं हिरवं दिसतं, कारण स्नायू झिजल्याने वजन कमी भरतं. त्यांची कंबर मोजा, आणि हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का ते बघा. कंबर रेघेच्या पुढे असेल तर वहीतले आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, दक्षिण आशियाई असल्याचं आठवणीने सांगा आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सांगणारी तपासणी) करून मागा. 5.7 ते 6.4 टक्के आला तर अमेरिकी निकषाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ॲप तोवर हिरवंच दाखवत असेल.