‘हाताने कोरलेला ठसा’ आणि माझे ३५,६०० रुपये

तीन नग, प्रत्येकी ११,७५०, वर कुरिअरचे ३५०. हातात आलं ते पितळ, वरून चांदीचं पाणी चढवलेलं. जाहिरात होती शिवराज्याभिषेकाच्या ३५० वर्षांनिमित्त ‘फक्त ३५० नग, ९९९ चांदी, हाताने कोरलेल्या ठशावर पाडलेलं’ स्मृतिनाणं. (ठसा म्हणजे उलटा कोरलेला साचा, तो दाबून नाणं पाडतात.) जून २०२४ मध्ये चांदी किलोला नव्वद हजारांच्या आसपास होती, म्हणजे ५० ग्रॅमचे साडेचार हजार. वरचे सव्वासात हजार कलेचे, असं मीच मनाला पटवलं. कलेचे पैसे द्यावेत, हे आजही म्हणेन. पण कला होती कुठे?

जाहिरातीतच लिहिलं होतं: व्यास ४० मिमी, जाडी ५ मिमी, वजन ५० ग्रॅम. शाळेतलं गणित. आकारमान ६.२८ घनसेंमी, चांदीची घनता १०.४९, वजन भरतं जवळपास ६६ ग्रॅम. कडेपेक्षा आतला भाग खोल असतो म्हणून दहा टक्के सोडा, तरी ५९. पन्नासात हे माप बसवायला धातू हलकाच लागतो. हे तीन आकडे दहा दिवस डोळ्यांसमोर होते आणि मी ‘श्री राजा शिव’च्या अक्षरांचं वळण न्याहाळत बसलो. अजून जळफळाट होतो.

‘शुद्धतेची पावती आहे’ म्हणून गप्प बसलो, हे माझं समर्थन. पावती यंत्राची, खरीही असेल. पण क्ष-किरणांनी धातू ओळखणारं ते एक्सआरएफ यंत्र फक्त वरचा थर वाचतं. मुलामा जाड असला की ९९.९ दाखवतं. घरी दोऱ्याने टांगून पाण्यात तोला: माझा नग हवेत ५०.२ ग्रॅम, पाण्यात ५.८ ने कमी. चांदी असती तर ४.८ ने कमी झाला असता.

आता ती ‘मूळ कलाकृती’. तिन्ही नगांवर ‘छत्र’ या अक्षरांखाली एकाच जागी एकच खोलगट ओरखडा. फोटोतही दिसत होता. मी त्याला कलाकाराची खूण समजलो! ठशावर ओरखडा पडला तर नाण्यावर तो उंचवटा होऊन उमटतो. सगळ्या नगांवर खोलगटच असेल, तर कुणाचं तरी वापरलेलं पदक रबराच्या साच्यात दाबून, मेणाच्या प्रती काढून ओतकाम केलंय. व्यास भरला ३९.२, कारण साचाही आकसतो आणि धातूही. अक्षरांच्या कडा बोथट, पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, कडेला कानस मारलेली जागा, जिथून धातू ओतला तिथली. ‘ॲंटिक फिनिश’चा काळपटपणा हे सगळं झाकायलाच असतो. प्रेसवर पाडलेल्या नाण्याची कड अशी नसते. ३५० पैकी ११२, ११३, ११४ हे क्रमांक लेझरने मागाहून टाकलेले. ते कितीही नगांवर टाकता येतात.

चौकीत पहिला प्रश्न, “वस्तू मिळाली ना? मग दिवाणी.” पैसे २८ जूनला गेले, पार्सल ९ जुलैला आलं आणि १ जुलैला नवी न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचं जुनं कलम ४२० लावायचं की नवं ३१८, यातच दोन चकरा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी दिला नाहीत, मग आमच्याकडे कशाला? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. वजनमापांच्या कचेरीत साहेबांनी नग काट्यावर ठेवला आणि म्हणाले, वजन तर बरोबर आहे. आहेच हो! बिलावरही ‘धातूचं स्मृतिचिन्ह’. चांदी हा शब्दच नाही, आणि ते मी पार्सल उघडल्यावर वाचलं.

बिलावर ‘चांदी ९९९’ आणि वजन लिहून घेतल्याशिवाय रुपया सोडू नका. ठशाचा फोटो मागा, अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. शिल्पकाराचा प्लास्टरचा नमुना मागा. काम ज्याचं असतं तो हौसेने दाखवतो. कडेचा व्हिडिओ मागा. पार्सल उघडताना चित्रण करा. पोलिसांच्या भरवशावर राहू नका, जिल्हा ग्राहक आयोगात जा: पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार तिथे आहे, तारखा पडताहेत.

दरम्यान तोच माल दुसऱ्या नावाने १४,५०० ला आलाय. फोटो मोठा करून ‘छत्र’खाली बघा, ओरखडा तसाच आहे.