ट्रोम्सो की अबिस्को? अरोरासाठी कोणत्या अंदाजावर भिस्त ठेवावी

अरोरा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री उमटणारा रंगीत प्रकाश, पाहण्यासाठी नॉर्वेतील ट्रोम्सोला जावे की स्वीडनमधील अबिस्कोला, या विचारात असलेले बरेच जण केपी निर्देशांक पाहून तारखा ठरवू लागतात, आणि गल्लत तिथेच होते. ० ते ९ असा हा आकडा संपूर्ण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ तीन-तीन तासांच्या टप्प्यांनी सांगतो. ५ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे चुंबकीय वादळ, पण त्याची वाट दक्षिणेकडच्या देशांतल्या लोकांनी पाहावी. ही दोन्ही गावे अरोराच्या वलयाखालीच, म्हणजे ध्रुवाभोवतीच्या ज्या पट्ट्यात तो एरवीही उमटतो त्याखाली, येत असल्याने तिथे २ सुद्धा पुरतो. महिनाभर आधीचा अंदाज सूर्याच्या सुमारे २७ दिवसांच्या परिवलनावर बेतलेला, म्हणून ढोबळच असतो. नेमकी सूचना पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरील एल-१ या बिंदूपाशी असलेले उपग्रह देतात, तीही साधारण तासभरच आधी.

तेव्हा निवड ढगांवरून करावी. ट्रोम्सो समुद्रकाठी असल्याने तिथे अटलांटिकवरून ढग येत राहतात आणि सलग दोन-तीन रात्री आभाळ झाकलेले राहणे नवलाचे नाही. अबिस्को मात्र डोंगरांच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे; सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर माणदेश कोरडा राहावा, तसेच हे. तिथे वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पर्जन्य होते आणि तोर्नेत्रॅस्क तलावावरचे आभाळ आजूबाजूला ढग असतानाही अनेकदा उघडे सापडते. थंडी मात्र ट्रोम्सोपेक्षा बरीच कडक असते.

ट्रोम्सोची खरी जमेची बाजू म्हणजे रस्ते. तिथले वाटाडे ढगांचा नकाशा पाहून गाडी थेट फिनलंडच्या सीमेपर्यंत नेतात, पण त्या प्रत्येक रात्रीचे पैसे वेगळे मोजावे लागतात. हाताशी तीनच रात्री असतील, तर माझ्या मते अबिस्को गाठावे. पाच-सहा रात्री आणि अशा फेऱ्यांचा खर्च झेपत असेल, तर ट्रोम्सोला जावे. मे ते जुलै दोन्हीकडे जाऊ नये, कारण तेव्हा रात्र काळोखी होतच नाही.

संध्याकाळी ढगांचा अंदाज पाहताना खालचे, मधले आणि वरचे ढग वेगळे तपासावेत, कारण वरच्या विरळ थरातून अरोरा दिसू शकतो. सुरुवातीला तो हिरवा न दिसता डोळ्यांना फिकट, राखाडी पट्ट्यासारखा भासतो आणि ढग समजून माणूस पाठ फिरवतो. त्या पट्ट्याआडून तारे स्पष्ट दिसत असतील, तर फोन दगडावर स्थिर ठेवून तीन सेकंदांचे छायाचित्र घ्यावे. त्यात हिरवा रंग उतरला, तर जागचे हलू नये.