जर्मन घडणीचा शेफ नाइफ की जपानी ग्युतो?

घरच्या स्वयंपाकघरासाठी सुमारे २० सेंटिमीटर पात्याची सुरी पुरेशी ठरते. खरा प्रश्न पोलादाचा आणि घडणीचा आहे. जर्मन पद्धतीच्या सुरीचे पोलाद तुलनेने मऊ, म्हणजे कठीणपणाच्या रॉकवेल मापनावर साधारण ५६ ते ५८ असते, तर ग्युतोचे, म्हणजे जपानी शेफ नाइफचे, बहुधा ६० किंवा त्याहून अधिक. या एका फरकातून पुढचे बरेचसे फरक निघतात. कठीण पोलाद पातळ आणि अधिक निमुळती धार पेलू शकते, त्यामुळे ग्युतो कांद्यातून जवळजवळ विनासायास उतरतो आणि त्याची धारही जास्त काळ टिकते. मात्र तेच पोलाद ठिसूळ असल्याने हाडावर किंवा गोठलेल्या मांसावर चालवल्यास धारेचे बारीक टवके उडतात. मऊ पोलादाची धार अशा वेळी तुटण्याऐवजी वाकते आणि धार सरळ करण्याच्या सळईवर दोन-चार हलके हात फिरवले की ती पुन्हा कामाला येते. ग्युतोसाठी पाणधोंडा, म्हणजे पाण्याने ओला करून धार लावायचा दगड, वापरायला शिकावेच लागते, आणि हे काम वाटते तितके अवघड नसले तरी त्याला सवड लागते.

जर्मन पात्याचा धारेकडचा बाक टोकावर झुलवत चिरण्यास सोयीचा, तर ग्युतोचे तुलनेने सपाट पाते पुढे ढकलत कापण्यास. घरात अनेक हात सुरी वापरत असतील, तर मी जर्मनच घेईन.