घरच्या पिझ्झासाठी मोझरेला: ब्लॉक, किसलेलं, ताजं की ‘टॉपिंग’?

मोझरेला स्वस्त की महाग हे पाकिटावरच्या किमतीवर ठरत नाही. एका पिझ्झामागे किती रुपयांचं लागलं, ते बघायचं. माप साधं आहे: दर चौरस इंचाला दीड ग्रॅम. म्हणजे 8 इंची पिझ्झाला 75 ग्रॅम, 10 इंचीला 120, 12 इंचीला 170. याच्या वर गेलात तर चीजखालचा बेस ओलाच राहतो आणि खाताना सगळा थर एका घासात निघून येतो.

आता समजा 200 ग्रॅमचं पाकीट 140 रुपयांना आहे आणि 1 किलोचा ब्लॉक 560 ला. 10 इंची पिझ्झाला पाकिटातलं चीज 84 रुपयांचं लागेल, ब्लॉकमधलं 67 चं. एका पिझ्झामागे 17 रुपये सुटतात, पण किलोभर चीज बुरशी न येता संपलं तरच. भाव मात्र आजचेच धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून चीजवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा त्याआधीच्या व्हिडिओंमधले आकडे उपयोगाचे नाहीत.

ब्लॉक

बहुतेक घरांना हाच परवडतो आणि हाच जमतो. ब्लॉकमधलं मोझरेला कमी पाण्याचं असतं, वजनाच्या साधारण निम्मं पाणी. विरजून घट्ट झालेलं दूध गरम पाण्यात मळून ताणतात, तेव्हा त्यातलं केसीन हे प्रथिन धाग्यांसारखं एका दिशेला लागतं. कॅल्शियम त्या धाग्यांना धरून ठेवतं. पिझ्झाचा तुकडा उचलल्यावर सुटते ती तार यातूनच येते.

अमूल, ब्रिटानिया, गो, मिल्की मिस्ट यांतलं कुठलं घ्यावं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्यापेक्षा दुकानातला फ्रीज बघा. पाकिटात पाणी सुटलेलं असेल, ब्लॉक दाबल्यावर मऊ लागत असेल किंवा पाकीट फुगलं असेल, तर नाव कितीही मोठं असो, ठेवून द्या.

फ्रीजमधून काढलेला ब्लॉक तसाच किसायला घेतला की किसणीला चिकटतो आणि त्याची लापशी होते. आधी 15 ते 20 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि मोठ्या भोकांच्या बाजूने किसा. किलोचे 120 ग्रॅमचे 8 भाग होतात, 40 ग्रॅम उरतं, ते सँडविचला. एकेक भाग झिपच्या पिशवीत भरा, हाताने दाबून हवा काढा आणि पिशवी भाकरीसारखी पातळ करून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा. पातळ थर लवकर गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात, पोत कमी बिघडतो. दोन-तीन महिन्यांत संपवा. गोठवलेलं चीज थोडं भुसभुशीत होतं, त्याचे काप धड निघत नाहीत, पण पिझ्झावर फरक कळत नाही. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवलं की सकाळी तयार. वीज जाऊन पूर्ण सुटलेलं पुन्हा गोठवू नका.

किसलेलं आणि डाइस्ड

इथे पैसे वेळेचे जातात. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यावर स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरलेलं असतं. ते वितळत नाही, म्हणून किस एकजीव व्हायला वेळ लागतो आणि कमी आचेवर वरून कोरडा दिसतो. डाइस्ड, म्हणजे चौकोनी, तुकडे मात्र ओटीजीला (घरच्या विजेच्या ओव्हनला) चांगले: जाड असल्याने आतून उशिरा तापतात आणि करपायच्या आत बेस भाजून होतो. महिन्यातून एकदाच पिझ्झा होत असेल तर 200 ग्रॅमचं पाकीट घ्या, किलोच्या मागे लागू नका.

ताजं मोझरेला

पाण्यात तरंगणारे पांढरे गोळे. चव दुधाची, गोडसर, आणि भाव सगळ्यांत चढा. निथळलेलं वजन वेगळं छापलेलं असतं, हिशेब त्यावर करा. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत होतो, तिथे तापमान 430 अंशांच्या वर असतं. आपला ओटीजी 230 ते 250 वर थांबतो. त्याच्या दहा मिनिटांत गोळ्यातलं पाणी बाहेर येऊन बेसवर तळं साचतं. तरी हौस असेल तर बोटभर जाड काप करून चाळणीत, स्वच्छ फडक्यावर, फ्रीजमध्ये दोन तास निथळू द्या आणि शेवटच्या चार मिनिटांत घाला.

‘पिझ्झा टॉपिंग’ आणि तेलाचं चीज

होलसेलच्या दुकानात मोझरेलाच्या शेजारीच, निम्म्याशिम्म्या भावात, अगदी तशाच दिसणाऱ्या पिशव्या असतात. त्यातल्या बऱ्याच अ‍ॅनालॉग असतात, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखं वनस्पती तेल, सोबत स्टार्च आणि तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा इमल्सिफायर. हिरवा ठिपका पाहून फसू नका. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, दुधाचा आहे असं नाही.

पाकीट उलटं करा. घटकांत दूध किंवा मिल्क सॉलिड्स, कल्चर (विरजण), एन्झाइम, मीठ एवढंच असेल तर ते मोझरेला. ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ दिसलं की ते अ‍ॅनालॉग. मग पोषणाचा तक्ता बघा. चांगल्या मोझरेलात 100 ग्रॅमला प्रथिनं 20 ग्रॅमच्या आसपास आणि कर्बोदकं जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतात. कर्बोदकं दहाच्या वर आणि प्रथिनं दहाच्या खाली असतील, तर तुम्ही स्टार्चचे पैसे देताय. सुट्या, विनालेबल पिशवीच्या वाटेला जाऊच नका.

घरी खात्री करायची असेल तर मंद आचेवरच्या तव्यावर एक चमचा चीज ठेवा. खरं मोझरेला पसरतं, काट्याने उचललं की वीतभर तार निघते, गार झालं की चिवट होतं. तेलाचं एकतर आकार न सोडता बसून राहतं किंवा पिठल्यासारखं होतं, कडेला तेल सुटतं. टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकल्यावर निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च आहे. पण ही परीक्षा ब्लॉकच्या कापलेल्या बाजूवरच करा. किसलेल्या चीजवर भुरभुरलेला स्टार्चही तसाच रंग देतो.

घरी केलेलं

व्हिनेगर घालून घरीच करा, फुकटात पडतं, असं सांगणारे पुष्कळ. हिशेब बघा: म्हशीच्या एका लिटर दुधाचं 100 ते 120 ग्रॅम होतं. दूध 72 रुपये लिटर धरलं तर वरच्या ब्लॉकपेक्षा जास्तच खर्च, शिवाय गॅस आणि पाऊण तास. टेट्रापॅकच्या दुधाचं तर जमतच नाही. व्हिनेगर जरा जास्त पडलं की केसीनला धरून ठेवणारं कॅल्शियम निवळीत निघून जातं आणि हाती पनीरचा भाऊ येतो. शिकायला करा, काटकसरीसाठी नको.

कशावर भाजता, त्यावर निवड

ओटीजी असेल तर निव्वळ मोझरेला. दोन्ही रॉड लावून 250 वर 15 मिनिटं तापवा. आधी नुसता सॉस लावलेला बेस 4 मिनिटं, मग चीज घालून 5 ते 6 मिनिटं. चीज सुरुवातीपासून आत ठेवलं किंवा 180 वर रेंगाळत भाजलं तर ते आटून चामड्यासारखं होतं.

तवा असेल तर उष्णता खालून येते आणि झाकणाखाली वाफ धरते. चीज वितळतं, पण त्यावर तांबूस फोड येत नाहीत. तेव्हा महागड्या चीजवर खर्च करू नका. तीन भाग मोझरेला आणि एक भाग साधं प्रोसेस्ड चीज किसून मिसळा. प्रोसेस्ड चीजमधले क्षार कॅल्शियमला बांधून टाकतात, म्हणून ते मंद आचेवरही पटकन आणि गुळगुळीत वितळतं. त्याच कारणाने त्याला तार नसते, त्यामुळे चौथ्या हिश्श्यापुढे नेऊ नका. किस तासभर आधी फ्रीजबाहेर काढा. बेसची एक बाजू भाजून उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज घाला, बारीक आचेवर झाकून 5 ते 6 मिनिटं. मधे एकदा झाकण काढून आतलं पाणी पुसून घ्या. ढोबळी मिरची आणि टोमॅटो आधी मीठ लावून निथळलेले हवेत. आणि प्रोसेस्ड चीज मुळातच खारट असतं, तेव्हा सॉसमध्ये मीठ निम्मंच घाला.