४९० रुपये वाचवले आणि इंजिन खोलून बसलो

बाईकसाठी स्वस्तात नकली इंजिन ऑइल घेऊन फसलो. आधीच सांगतो, गाढवपणा माझाच आहे आणि तो मला मान्य आहे, त्यामुळे "बिल का नाही घेतलं" हे प्लीज परत विचारू नका, घरात रोज विचारलं जातंय.

माझ्याकडे २०१७ ची होंडा युनिकॉर्न बाईक आहे, ६४ हजार किलोमीटर झालेत. मॅन्युअलमध्ये ऑइल १०डब्ल्यू-३० (हा जाडीचा ग्रेड), जासो एमए (हा गिअरच्या बाईकचा) असं स्वच्छ लिहिलंय, चेंजला एक लिटर लागतं, यात डोकं लावण्यासारखं काही नाही. मीही सात वर्षं लावलं नव्हतं. पण मार्चमध्ये नेहमीचा मेकॅनिक गावाला गेला होता आणि स्पेअर पार्टच्या गल्लीत एक नवीन दुकान दिसलं, होलसेल भावाचा बोर्ड, बाहेर चार-पाच गाड्या उभ्या, काउंटरवर नामांकित कंपनीच्या कॅनची भिंतच रचलेली. फुल्ली सिंथेटिक, एपीआय एसएन, जासो एमए२ असे सगळे दर्जाचे शिक्के, एमआरपी ७९५. मला म्हणाला साडेपाचशे लावतो, दोन घ्या, एकाचं चेंज आत्ताच फ्री करून देतो, दुसरा पुढच्या वेळेला. वर १८० चं इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुवायचं केमिकल, गळ्यात मारलं. एकूण १२८०.

म्हणाल एवढा डिस्काउंट बघून संशय नाही आला का. आला होता हो, थोडा. पण ऑनलाइन सेलला यापेक्षा स्वस्त दिसतं की कधीकधी, आणि माझ्या पुढच्या माणसाने तिथूनच चार कॅन घेतले होते. (आता वाटतं तो माणूसही त्यांचाच असावा, पण ते जाऊ द्या.) ७९५ चं ५५० म्हणजे जवळपास ३१ टक्के सूट. ओळखीचा दुकानदार ऑइलवर फार तर चाळीस-पन्नास सोडतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं.

बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर पडेल साहेब." इथेच. इथेच मी उठून चालू पडायला पाहिजे होतं! एमआरपीत सगळे टॅक्स धरलेलेच असतात, डब्यावर तसं छापलेलंच असतं, मग एमआरपीच्याही खाली विकणारा माणूस वरून कसला जीएसटी लावतोय? पण माझ्या डोक्यात त्या वेळी ५५० ला १८ टक्के म्हणजे ९९, दोनाचे १९८, एवढाच हिशोब चालला होता. आणि पैसे यूपीआयने टाकले तर समोर दुकानाचं नाव नाही, कुठल्यातरी बाईचं नाव आलं. तेही बघितलं आणि पिन टाकला.

आता सगळ्यात जास्त जे सलतं ते सांगतो. मी नाशिकला सातपूरमध्ये मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. शाफ्ट २० मायक्रॉन बाहेर गेला तर मी अख्खा लॉट परत पाठवतो, ऑपरेटर शिव्या घालतात. आणि माझ्या डोळ्यासमोर त्या पोराने कॅनचं झाकण फिरवलं, आतली चांदी, म्हणजे तोंडावरचं चंदेरी सील, नखाने कोपऱ्याला धरली आणि ती दुधावरची साय निघावी तशी अख्खीच्या अख्खी हातात आली. मेकॅनिक त्याच चांदीला स्क्रूड्रायव्हर खुपसतो, तरी कडेला तुकडे चिकटून राहतात हो! मी बघत होतो. हातात चहाचा कप होता, त्यांनीच पाजलेला. ऑइल ओतून झाल्यावर पोराने रिकामा कॅन फेकला नाही, झाकण परत घट्ट लावलं, फडक्याने पुसला आणि आत नेऊन ठेवला. मला वाटलं काय टापटीप पोरगं आहे.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नऊशे किलोमीटर झाले नसतील, मे महिन्यात कल्याणहून साखरपुडा उरकून येत होतो, बायको मागे, दुपारचे दोन. कसारा घाट लागला आणि थ्रॉटल पिळला तर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काही पुढे जात नाही, चाळीसचा स्पीड वीसवर आला, मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न. मग तो जळका वास. क्लच प्लेट गेली की येतो तो. बाजूला घेतली, तासाभराने परत ट्राय केलं, आता आतून खडखड. शेवटी छोटा टेम्पो २२०० ला ठरवला नाशिकपर्यंत. बायको पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर मिठाईचा बॉक्स घेऊन बसली आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

मेकॅनिकने ड्रेन नट काढला तर लिटरभर घातलेलं ऑइल सहाशे मिली पण निघालं नाही, काळं आणि पाण्यासारखं पातळ. बोटांत चोळून दाखवलं, चिकटपणा म्हणून नाही. बोअरला, म्हणजे पिस्टन फिरतो त्या सिलिंडरला आतून, चरे, नख फिरवलं तर अडकत होतं. त्याचं म्हणणं वापरलेलं ऑइल गाळून, पातळ करून भरलेलं असणार, त्यात कारचंही असेल. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचा नसतो, म्हणून कारच्या ऑइलमधलं घसरण वाढवणारं केमिकल बाईकच्या प्लेटा स्लिप करतं. ते जासो एमए का काय त्यासाठीच असतं. एमबी लिहिलेलं स्कूटरचं, ते पण गिअरच्या गाडीत घालू नका. अर्थात डब्यावर एमए२ छापलेलं माझ्याही होतं, त्याचा काय उपयोग झाला.

हिशोब लिहून ठेवलाय. क्लच प्लेट सेट १३५०, बोअर पिस्टन किट ३८५०, गॅस्केट आणि सील ४६०, मजुरी २५००, खरं ऑइल ५४०, टेम्पो २२००, आणि त्या चोराचे १२८०. बारा हजार एकशे ऐंशी. दोन कॅनवर वाचवले होते ४९०.

दुसरा कॅन घरी होताच. पेट्रोल पंपावरून तोच खरा कॅन आणला आणि कंपनीत दोन्ही शेजारी ठेवून बघितले. लाइटखाली तिरका धरला तर मॅन्युफॅक्चरिंग डेटच्या खाली जुनी डेट खरवडल्याची पुसट खूण, बोट फिरवलं की तिथलं प्लास्टिक खरखरीत लागतं. झाकणाची खालची रिंग, जी उघडताना तुटून बाटलीवर राहते, ती आधीच तुटलेली आणि फेविक्विकसारख्या कशाने तरी चिकटवलेली. मग माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला (तीन महिने उशिरा) आणि मी तो उघडून मेजरिंग जारमध्ये ओतला. ९१० मिली भरलं. लिटरचे पैसे घेऊन.

तेच नडलं. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले सील तुम्हीच तोडलंय, आता आत काय होतं हे कशावरून? म्हटलं पहिल्या कॅनने इंजिन गेलंय ना. तर म्हणे गाडी जुनी आहे. फसवणुकीचं कलम लावा म्हटलं, पूर्वीचं ४२०, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालंय एवढं वाचून गेलो होतो, तर हवालदार हसला, "वकील आहात का?" मग म्हणे हा ट्रेडमार्कचा विषय, धाड टाकायला डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) लेव्हलचा अधिकारी लागतो, कंपनीला तक्रार करायला सांगा. कंपनीच्या कस्टमर केअरला फोटो पाठवले तर अधिकृत विक्रेत्याचं बिल मागतात. अरे बाबा, अधिकृत असता तर तुला फोन कशाला केला असता? एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अकरा दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कशी काढली, कुणी काढली, देवाला माहीत. वजनमापवाल्यांकडे ९० मिलीचा मुद्दा घेऊन गेलो तर तिथेही तेच, उघडलेला डबा आणि बिल नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, पण ओळखीच्या वकिलाने पहिला प्रश्न काय विचारला असेल? बरोबर, बिल. दुकानाचं नावही म्हणूनच लिहीत नाहीये. वकील म्हणाला नाव टाकलंस तर उलट तुझ्यावरच अब्रूनुकसानीचा दावा ठोकतील.

संशय आला तर दुसरा कॅन उघडू नका, बंदच राहू दे, मी केलं ते करू नका. आणि ऑइल बदललं की रिकामा कॅन गॅरेजमध्ये सोडू नका, भंगारात पण अख्खा देऊ नका, समोर स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, लेबल फाडा. तुमचाच कॅन भरून पुढच्याला जातो. "ऊन फार आहे, जाडं घाला" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मॅन्युअल बघा. आणि चेंज फ्री म्हणाला की तिथूनच गाडीला किक मारा.

ते ९१० मिली अजून माळ्यावर आहे, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून. बायको म्हणाली निदान गेटच्या बिजागरीला तरी घाल. घातलं. गेट अजून कुरकुरतंय.