सिएनाचं म्युझेओ देल्लोपेरा: दूच्चोच्या ‘माएस्ता’साठी वेळ राखून ठेवा

इटलीतल्या सिएनाच्या कॅथीड्रलला लागून असलेल्या या संग्रहालयात बरेच जण फाच्चातोनेवर, म्हणजे कॅथीड्रलच्या अर्धवट राहिलेल्या विस्ताराच्या उंच भिंतीवर, चढायला येतात. वरून शहर सुरेख दिसतं, पण जिना अरुंद आहे, माणसं थोडी थोडी करून सोडतात आणि वेळ रांगेतच जातो. म्हणून आधी पहिल्या मजल्यावर चित्रकार दूच्चोच्या दालनात जा. त्याचं ‘माएस्ता’, म्हणजे सिंहासनावरच्या मरियेचं चित्र, तिथे आहे. तिकीट कॅथीड्रलसकट एकत्र घेतलेलं बरं.

दूच्चो दि बुओनिनसेन्याला या चित्राचं काम 1308 मध्ये मिळालं. स्वतःच्या हातानं केलेल्या कामाचे दिवसाला 16 सोल्दी (त्या काळची नाणी) ठरले होते. 9 जून 1311 रोजी चित्र मिरवणुकीनं कॅथीड्रलमध्ये आणलं गेलं. ते दोन्ही बाजूंनी रंगवलेलं होतं. पुढे सिंहासनावरची मरिया, म्हणजे ख्रिस्ताची आई, मागे ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचे 26 प्रसंग. 1771 मध्ये ते करवतीनं कापून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. त्यात मरियेच्या चेहऱ्यालाही इजा झाली. पुढच्या बाजूवरच्या उभ्या सांध्यांकडे पाहिलंत की या कापाकापीची कल्पना येते.

दालनात प्रकाश मंद आहे. डोळे सरावेपर्यंत थांबा, मग बाजूला दोन पावलं सरका. तेजोवलयांत ठोकून उमटवलेली नक्षी समोरून सपाट दिसते. तिरक्या प्रकाशात तीच उठून येते. चेहऱ्यांवर हिरवट झाक दिसली तर ती बुरशी नव्हे. त्वचेच्या गुलाबी थराखाली हिरव्या मातीचा रंग देण्याची पद्धत होती, आणि वरचा थर झिजला की तो डोकावतो. सिंहासनाच्या पायाशी लॅटिन ओळ आहे: सिएनाला शांती दे, आणि तुला असं रंगवणाऱ्या दूच्चोला आयुष्य दे. चित्रकारानं स्वतःसाठी इतक्या उघडपणे मागितलेलं मागणं मनाला भिडतं.

मागची बाजू खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या जेरुसलेमप्रवेशापासून बघायला लागा. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र त्याला ओळखत नसल्याचं पहिल्यांदा सांगतो, तो नकाराचा प्रसंग मात्र चुकवू नका. खाली अंगणात पेत्र तळपाय शेकोटीला धरून बसलाय, दासी त्याच्याकडे बोट दाखवतेय आणि शेजारचा जिना थेट वरच्या चौकटीत, बांधलेल्या ख्रिस्ताकडे चढतो. एकाच क्षणी घडणाऱ्या दोन गोष्टी त्या जिन्यानं जोडल्यात!

उणीव एकच, पण मोठी. दोन्ही बाजू आता वेगवेगळ्या टांगलेल्या असल्यामुळे पाठपोट नातं मनातच जुळवावं लागतं. शिवाय काही छोटे फलक इथे नाहीतच: मरियेला देवदूताचा संदेश लंडनला, लाझरसचं पुनरुत्थान फोर्ट वर्थला, सैतानानं ख्रिस्ताला डोंगरावर घातलेला मोह न्यूयॉर्कला. आधी त्यांची छायाचित्रं फोनमध्ये उतरवून घ्या.

निघताना तळमजल्यावर दूच्चोचीच गोल रंगीत काचखिडकी बघा. कॅथीड्रलमध्ये ती खूप उंचावर होती. इथे ती समोरासमोर दिसते आणि काचेवर रंगवलेल्या चेहऱ्यांच्या रेषाही वाचता येतात.