वेलूरचे पॅड की टिश्यूचा थर?

भाच्याने सुपरलक्स एचडी ६८१ हा हेडफोन घेतलाय, पण ‘स’ आणि ‘श’ त्याच्या कानाला टोचतात. कानावर टेकणारे वेलूरचे (मखमलीसारख्या कापडाचे) नवे पॅड घ्यावेत की आत टिश्यू लावावा, हा त्याचा प्रश्न.

खर्चात टिश्यूच जिंकतो: घरातलाच कागद, शिवाय दहा मिनिटांचं काम. पॅड उतरवायचा, कागदाचा एक पदर सुटा करून ड्रायव्हरपुढच्या (आतल्या छोट्या स्पीकरपुढच्या) जाळीवर ठेवायचा, पॅड परत चढवायचा. पातळ थर टोकाचे उंच स्वर थोडे शोषतो, बेसला फारसा धक्का लागत नाही. दोन पदर लावलेत तर झांज मेल्यासारखी वाजते, म्हणून एकच. घामाने कागद विरतो, अधूनमधून बदलावा लागतो.

पॅडचा परिणाम खोलवर होतो. ८ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ४ सेंमी, त्यामुळे जाड पॅडने कान काही मिलिमीटर मागे सरला तरी वरचे स्वर बदलतात. वेलूरमधून हवा निसटते, बेस थोडा उतरतो. पण उन्हाळ्यात रेक्झिनपेक्षा कानाला फारच सुखाचं, टिकतंही वर्षानुवर्षं.

नुसता टोचरेपणा घालवायचा असेल तर टिश्यू. तासन्‌तास ऐकणाऱ्याने मात्र वेलूरच घ्यावं. भाच्याला मी आधी टिश्यूच लावायला सांगितलाय.